हाल विकले जात नाहीत

उद्योजकता शिबिरात आणि सत्काराच्या मंचावर एक गोष्ट हमखास ऐकू येते: ज्याने जास्त सोसलं, तोच मोठा उद्योजक झाला. हे खरं असतं तर पुण्याजवळचा मुळशी तालुका कधीच कारखानदारांचा तालुका झाला असता. 1921 ते 1924 या काळात इथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालंच, गावं पाण्याखाली गेली आणि त्या पाण्यावर घाटाखाली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. पुढे हिंजवडी-माणला आयटी पार्क आला, पुन्हा जमिनी गेल्या. सोसण्यात मुळशी कुठे कमी पडली, असं कोणी म्हणणार नाही. मग उणं काय राहिलं?

पहिला गैरसमज इथेच आहे. स्वतःचा संघर्ष म्हणजे धंद्याची कल्पना, असं धरून चाललं जातं. वस्तुस्थिती अशी की गिऱ्हाईक पैसे मोजतं ते स्वतःची अडचण सुटावी म्हणून. विकणाऱ्याने काय सोसलं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

कैलास काटकरांचं उदाहरण नेहमी दिलं जातं, पण बहुतेकदा चुकीच्या कारणासाठी. दहावीनंतर शिक्षण सुटलं, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीची नोकरी केली, पुढे मोठी कंपनी उभी राहिली, एवढंच सांगून वक्ता टाळ्या घेतो. मधला भाग गाळला जातो. काटकर दुरुस्तीच्या टेबलावर बसले होते. संगणक आल्यावर तेही दुरुस्त करू लागले आणि व्हायरसने बिघडलेली यंत्रं पुन्हा पुन्हा टेबलावर येताना त्यांनी पाहिली. धाकटे भाऊ संजय तेव्हा संगणकाचं शिक्षण घेत होते. 1990 च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला आणि त्यातून ‘क्विक हील’ जन्मली. 2016 मध्ये ती शेअर बाजारात नोंदली गेली. गरिबीने काटकरांना त्या टेबलापर्यंत नेलं, हे खरं. कल्पना मात्र टेबलावर आली ती गिऱ्हाइकांच्या बिघाडातून.

दुसरा गैरसमज याच्याच पोटात आहे: ज्याचं दुःख, त्यानेच धंदा काढावा. म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक याला सरळ छेद देते. चेतना गाला सिन्हा मूळ मुंबईच्या. चळवळीतून आणि पुढे लग्नामुळे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आल्या. रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी पालावर टाकायला ताडपत्री घ्यायची होती. त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायला खातं हवं होतं. बँकेने नकार दिला, इतक्या किरकोळ रकमेचं खातं परवडत नाही म्हणून. अडचण त्या बाईची, बायकांची स्वतःची बँक काढण्यासाठी अर्ज करण्याची खटपट सिन्हांची.

रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. निरक्षर बायकांना बँकेचा परवाना कसा द्यायचा, असा सवाल होता. बायका लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. कोणत्याही रकमेवरचं व्याज आम्हाला तोंडी काढायला सांगा आणि तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा, असं त्यांनी सुनावलं. 1997 मध्ये बँक सुरू झाली. खरी मेख पुढे आहे. पासबुक घरी दिसलं की नवऱ्याला शिल्लक कळते, ही तक्रार आली तेव्हा कार्डाचा विचार झाला. त्यावर एका खातेदार बाईने पिन नको, अंगठाच घ्या, असा आग्रह धरला, कारण पिन कोणीही पळवू शकतं. ज्या अंगठ्याने अर्ज अडला, तोच सुरक्षेच्या कामी आला! असे बदल सभागृहात बसून सुचत नाहीत; खातेदाराच्या घरात काय चालतं ते ऐकून घ्यावं लागतं.

आता मुळशीला जास्त झोंबणारा गैरसमज: हातात पैसा आला की उद्योग आपोआप उभा राहतो. जमिनीचे पैसे आले, त्यातले किती गाडी, बंगला आणि लग्नाच्या मांडवात गेले, हे तालुक्यात कोणाला वेगळं सांगायला नको. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ (2018) या चित्रपटाचं कथानकच जमीन गेल्यानंतरच्या वाताहतीवर उभं आहे. पुणे शहराच्या दुसऱ्या टोकाला, हडपसरला, हेच संकट वेगळ्या वाटेने गेलं. शहर अंगावर येतंय हे दिसल्यावर सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन विकण्याऐवजी एकत्र केली. कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात शेअर वाटून घेतले. 2000 च्या सुमारास मगरपट्टा सिटीचं बांधकाम सुरू झालं. अनेक घरांतल्या मुलांनी बांधकामाला लागणाऱ्या मालाची आणि सेवांची कंत्राटं घेतली, तीही शिकून.

हा नमुना कुठेही चिकटवता येत नाही, हेही सांगायला हवं. हडपसरला जमीन सलग होती आणि बरीचशी एकाच भावकीची. जिथे वाटण्यांचे तुकडे पडलेत आणि दलाल एकेका सातबाऱ्यावर वेगळा भाव करतो, तिथे एकी जमवणं हेच निम्मं काम. पण मगरपट्ट्यात भांडवल ठरली ती कागदावर नीट बांधलेली एकी. एकरकमी आलेला पैसा नव्हे.

राहिले दोन छोटे समज. नोकरी सोडल्याशिवाय धंदा होत नाही म्हणतात. हणमंतराव गायकवाड टेल्को कंपनीत नोकरीला असताना गावची मुलं काम मागायला येत. 1997 मध्ये त्यांनी टेल्कोतलंच साफसफाईचं कंत्राट मिळवलं आणि आठ माणसांवर काम सुरू केलं. त्यातूनच आजची बीव्हीजी कंपनी उभी राहिली. आणि मोठं भांडवल लागतंच म्हणावं, तर 1959 मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी लिज्जत पापड सुरू केला तो 80 रुपये उसने घेऊन.

जिल्हा उद्योग केंद्रात किंवा मुद्रा कर्जासाठी बँकेत जाणाऱ्या पौड-पिरंगुटच्या तरुणाने आपली कहाणी जरूर सांगावी. साहेब चहाही पाजेल. पण टेबलावर मागितलं जाईल ते प्रकल्प अहवाल, यंत्राचं कोटेशन, माल कोण घेणार आणि हप्ता कुठून फिटणार. हिंजवडीत राहणाऱ्या किती जणांना घरच्यासारखा डबा हवा आहे आणि त्यासाठी ते महिन्याला किती मोजतील, याचा आकडा ज्याच्याकडे आहे, त्याच्याशी बोलणं लवकर पुढे सरकतं.