मृत्युपत्रातून आरोग्यसेवेला दान

आपल्या पश्चात मालमत्तेचा काही भाग एखाद्या धर्मादाय वैद्यकीय संस्थेला मिळावा, अशी तरतूद मृत्युपत्रात करता येते. हे दान हयातीत द्यावे लागत नाही. घर, शेत आणि बँकेतील ठेवी शेवटपर्यंत मालकाच्याच ताब्यात राहतात, आजारपणात आणि उतारवयात त्याच्याच उपयोगी पडतात. पुढे विचार बदलला तर मृत्युपत्रही बदलता येते. म्हणूनच महिन्याच्या मिळकतीतून मोठी देणगी देणे ज्यांना झेपत नाही, अशा निवृत्त शिक्षकाला, एकट्या राहणाऱ्या विधवेला किंवा मध्यम शेतकऱ्यालाही हा मार्ग खुला आहे.

धाराशिव जिल्ह्यात दानाची परंपरा जुनी आहे. तुळजाभवानीच्या चरणी देणगी, यात्रेकरूंसाठी अन्नदान, गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार, शाळेला आईवडिलांच्या स्मरणार्थ खोली, असे दान घरोघरी होते. दवाखान्यासाठी मृत्युपत्रात काही लिहून ठेवण्याची पद्धत मात्र अजून रुळलेली नाही. गरज तर मोठी आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने देशभरातून निवडलेल्या, विकासात मागे राहिलेल्या ‘आकांक्षित जिल्ह्यां’च्या यादीत महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीम यांच्याबरोबर हा जिल्हाही होता. पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू आणि हंगामात ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर, या सगळ्यात उपचार लांबणीवर पडतात.

गेलेल्यांच्या धनातून उभे राहिलेले काम

महाराष्ट्रातील आरोग्यसेवेचा बराच भाग अशा दानांवर उभा आहे. मुंबईत परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले केईएम रुग्णालय 1926 मध्ये सुरू झाले. महाविद्यालयासाठीची देणगी दिवंगत गोवर्धनदास सुंदरदास यांच्या मालमत्तेच्या विश्वस्तांनी दिली. अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट त्यांनी घातली होती. इंग्रजी राजवटीत वैद्यकीय शिक्षणातील वरच्या जागा भारतीयांना सहसा मिळत नसत, त्या काळात या एका अटीने अनेक भारतीय डॉक्टरांना वाव मिळाला. इंग्लंडमध्ये औषध उद्योजक हेन्री वेलकम 1936 मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्रातून स्थापन झालेला वेलकम ट्रस्ट आज जगातील वैद्यकीय संशोधनाच्या सर्वांत मोठ्या आधारांपैकी एक आहे.

सर दोराबजी टाटा यांचे दान तर थेट धाराशिवपर्यंत पोचले. 1932 च्या मार्चमध्ये त्यांनी आपली संपत्ती एका न्यासाच्या स्वाधीन केली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले. पत्नी मेहेरबाई आदल्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेल्या होत्या. या न्यासाच्या पैशातून 1941 मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल हे कर्करोग रुग्णालय उभे राहिले. पुढे ते केंद्र सरकारकडे गेले, पण पाया त्या दानाचाच होता. न्यासानेच 1936 मध्ये सुरू केलेल्या समाजकार्याच्या शाळेची आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली आहे आणि तिचे एक संकुल तुळजापुरात आहे.

टाटा मेमोरियलने बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साथीने 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास सुरू केला. गावांचे 52 समूह करून ते वेगवेगळ्या तपासण्यांच्या गटांत विभागण्यात आले आणि 30 ते 59 वयोगटातील 1,31,746 निरोगी स्त्रियांचा त्यात समावेश झाला. पैसा गेट्स फाउंडेशनच्या देणगीतून आला. निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटात या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच झाली, त्या गटात त्याने 34 मृत्यू झाले होते. तपासणी न झालेल्या गटात ते 64 होते. एका गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत. तरी एचपीव्ही चाचणीला आज जगभर जे स्थान मिळाले आहे, त्याचा एक मोठा पुरावा या जिल्ह्यातील स्त्रियांनी दिला. दानातून उभी राहिलेली संस्था साठ-सत्तर वर्षांनीही कोणाच्या उपयोगी पडेल, हे दात्याला आधी कळत नाही.

टाटांएवढी संपत्ती नसली तरी बिघडत नाही. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी आणि सहकाऱ्यांनी उभारलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच स्त्रियांना शिकवून ‘भारतवैद्य’ तयार केल्या. ताप, जुलाब, रक्तदाब, गरोदरपणातील काळजी यांकडे या बाया घराच्या उंबऱ्यावरच लक्ष देतात. अशा कामाला मोठी इमारत लागत नाही. मानधन, प्रशिक्षण, औषधे आणि प्रवास यांसाठी दरवर्षी थोडा पण खात्रीचा पैसा लागतो. मुद्दल ठेवीत ठेवून फक्त व्याज वापरायचे, अशा कायम निधीत मृत्युपत्रातून आलेली रक्कम गेली तर ही खात्री मिळते.

कायदा काय सांगतो

मृत्युपत्राचे मूळ नियम भारतीय वारसा अधिनियम, 1925 मध्ये आहेत. सज्ञान आणि मनाने सक्षम असलेली कोणतीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. ते साध्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलेले असले तरी चालते. सही किंवा अंगठा किमान दोन साक्षीदारांसमोर व्हावा लागतो आणि साक्षीदारांनीही सही करावी लागते. महाराष्ट्रात मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी सक्तीची नसली तरी दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी, कारण वाद झाल्यास तिचा आधार मिळतो. मजकूर गुप्त ठेवायचा असेल तर मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात निबंधकाकडे जमा करता येते. धाराशिवसारख्या जिल्ह्यात हिंदूंच्या मृत्युपत्राला न्यायालयाचे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा दाखला, घेण्याची सक्ती नाही.

दान आपल्या मालकीचेच करता येते. स्वकष्टार्जित मालमत्ता पूर्णपणे देता येते, वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मात्र फक्त स्वतःचा हिस्सा. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर त्या मालमत्तेत मुलींचाही जन्मतः हक्क आहे, हे विसरून लिहिलेली मृत्युपत्रे पुढे कोर्टात अडकतात. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एकूण मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येते. ख्रिस्ती दात्यांवर धर्मादाय दानाबाबत 1925 च्या कायद्यात जादा बंधने होती, ती सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये घटनाबाह्य ठरवली.

सर्वांत जपून वागायचे ते शेतजमिनीबाबत. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे येथे 1950 चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे. शेतकरी नसलेल्याकडे शेतजमीन देण्यावर त्यात बंधने आहेत. गुजरातमधील अशाच कायद्याखाली, मृत्युपत्राने केलेले हस्तांतरही बंधनातून सुटत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’, म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन, असे असेल किंवा जमीन इनामी असेल तर गुंतागुंत आणखी वाढते. शिवाय न्यासाकडे गेलेली स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. त्यामुळे शेत वारसांना आणि बँकेतील ठेवींचा हिस्सा संस्थेला, ही विभागणी बहुतेकदा सोयीची ठरते. जमीनच द्यायची असेल तर महसुली कामे करणाऱ्या वकिलाचा सल्ला आधी घ्यावा.

भारतात 1985 पासून मृत्यूनंतर मालमत्तेवर कर नाही, त्यामुळे मृत्युपत्रातील दानाने कर वाचत नाही. जुन्या करपद्धतीत देणग्यांवर मिळणारी सवलत हयातीत दिलेल्या देणगीलाच आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाने पाठवलेला पैसा विदेशी देणगी ठरतो. तो घेण्यासाठी संस्थेकडे विदेशी योगदान कायद्याखालील नोंदणी असावी लागते.

संस्था निवडताना आणि लिहिताना

संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली आहे का, हे धर्मादाय कार्यालयात पाहता येते. लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी दाखल होतात का, विश्वस्त बदलल्याची नोंद वेळच्या वेळी होते का, गावात काम खरोखर चालते का, हे तपासावे. एकदा स्वतः जाऊन ओपीडीच्या रांगेत बसलेल्यांशी बोलावे.

मजकूर मोघम नसावा. ‘गरिबांच्या दवाखान्याला द्यावे’ एवढ्यावर कोणालाच हक्क सांगता येत नाही. त्याऐवजी असे लिहिता येते: ‘माझ्या पश्चात माझ्या सर्व बँक ठेवींपैकी दहा टक्के रक्कम अमुक संस्थेस, नोंदणी क्रमांक अमुक, मुक्काम अमुक, द्यावी. ती संस्थेने ग्रामीण रुग्णसेवेसाठी वापरावी. त्या वेळी ही संस्था अस्तित्वात नसल्यास ती धाराशिव जिल्ह्यात असेच काम करणाऱ्या, या मृत्युपत्राचे व्यवस्थापक ठरवतील त्या नोंदणीकृत न्यासास द्यावी.’ ठरावीक आकड्यापेक्षा टक्केवारी चांगली, कारण वीस वर्षांनी एक लाखाची किंमत आजच्याइतकी राहत नाही. अटी कमी ठेवाव्यात. एखाद्या यंत्रासाठीच पैसा बांधून ठेवला आणि तोवर ते यंत्रच कालबाह्य झाले तर संस्थेला परवानग्यांमागे धावावे लागते.

मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी व्यवस्थापक, म्हणजे वकिलांच्या भाषेत एक्झिक्युटर, नेमावा. तो वयाने दात्यापेक्षा लहान आणि सर्वांच्या विश्वासातला असावा. लाभ मिळणाऱ्या संस्थेच्या विश्वस्ताला साक्षीदार करू नये, त्यातून संशय निर्माण होतो. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. बँकेत नॉमिनी लावला की सगळे झाले, असे समजू नये. ठेवीचा नॉमिनी सहसा पैसे स्वीकारणारा असतो, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते.

मुलाबाळांना अंधारात ठेवून केलेले दान बहुधा वादात सापडते. पत्नी, मुली आणि सुना यांच्या उदरनिर्वाहाची सोय आधी व्हावी, मग दानाचा विचार व्हावा. ठरले की घरात सर्वांसमोर सांगावे, संस्थेला कळवावे आणि मूळ प्रत कुठे ठेवली आहे ते व्यवस्थापकाला सांगून ठेवावे. घरच्यांना कारण ठाऊक असले की बहुतेक जण ती इच्छा मानाने पाळतात.

मृत्युपत्र आजारी पडल्यावर नव्हे, हिंडतेफिरते असतानाच करावे. ते करायला बसाल तेव्हा वारसांच्या नावांखाली आपल्या तालुक्यात रुग्णसेवा करणाऱ्या एका विश्वासू संस्थेचे नाव लिहिण्याचा विचार जरूर करा.