गाडी ज्या बाजूला ओढते

शेव्हरोलेच्या 1951 सालच्या अर्ध्या टनी पिकअपसारखी जुनी गाडी ब्रेक दाबताच डावीकडे ओढू लागली, की डाव्या चाकाचा ड्रम उघडून त्यातले शू घासावयास बसावयाचे, हा प्रघात इतका अंगवळणी पडलेला आहे की उजव्या चाकाकडे पाहण्याचे सहसा कोणास सुचत नाही. वस्तुतः गाडी ओढली जाते ती ज्या बाजूची पकड अधिक त्या बाजूस. आणि ती अधिक ठरते ती पुष्कळदा एवढ्याचसाठी, की समोरच्या चाकाच्या व्हील सिलिंडरातील पिस्टन गंजून जखडलेले असतात, किंवा त्या चाकाकडे जाणारी रबरी नळी आतून फुगून तिचा मार्ग चिंचोळा झालेला असतो. अशा वेळी डावे चाक आपली चाकरी चोख बजावीत असते आणि ठपका मात्र त्याच्याच माथी येतो. म्हणून दोन्ही चाके उघडून, एकमेकांशी ताडून पाहिल्याखेरीज निवाडा करू नये.

नळीची परीक्षा सोपी आहे. चाक जॅकवर उचलून पेडल दाबावे व सोडावे. सोडल्यावरही चाक फिरेनासे झाले आणि हवा काढण्याचा स्क्रू सैल करताच मोकळे झाले, तर दाब आतच कोंडलेला होता हे सिद्ध होते, आणि दुसऱ्या बाजूचे चाक मोकळेच फिरत असेल तर संशय प्रथम त्या नळीवरच घ्यावा.

एका नळीत हवा राहिल्यामुळे गाडी ओढते, ही समजूतही टिकणारी नाही. कारण बंदिस्त द्रवातील दाब सर्वत्र सारखा पसरतो, हा पास्कलचा सिद्धांत या यंत्रणेच्या मुळाशीच आहे. हवेने पेडल स्पंजासारखे दबते, गाडीची दिशा बदलत नाही.

खरा विचार करण्याजोगा भाग शूंच्या रचनेचा आहे. 1951 च्या सुमारास शेव्हरोलेने हलक्या ट्रकांतील जुने हक पद्धतीचे ब्रेक सोडून बेंडिक्सचे ब्रेक स्वीकारले. त्यांत फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो, तो शू तळाच्या समायोजक स्क्रूमार्फत मागच्या शूला रेटतो, आणि अशा रीतीने चालकाच्या पायाचा जोर ड्रमच्याच गतीने वाढविला जातो. मागच्या शूवर कामाचा अधिक बोजा येत असल्यामुळे त्याचे लायनिंग लांब असते, आणि आखूड लायनिंगचा शू पुढे बसवावयाचा असतो. एका चाकात ही अदलाबदल झाली, किंवा ग्रीसचा अल्पसा अंश लायनिंगवर आला, तर तो लहानसा भेदही या वृद्धिंगत होणाऱ्या बळाबरोबर वाढतो. ग्रीसने ब्रेक केवळ घसरतो असे मानू नये. तो कधी एकाएकी पकडतोही. असे लायनिंग पेट्रोलने धुऊन पुन्हा बसविणे ही माझ्या मते अक्षम्य हयगय होय. गळतीचे मूळ शोधून दोन्ही चाकांची लायनिंगे एकदमच बदलावीत.

नवे लायनिंग घातले म्हणजे काम संपले, असेही नाही. लेथवर ड्रम कातल्याने त्याचा व्यास वाढतो, आणि शूचा बाक जुनाच राहिल्यास लायनिंग केवळ मध्यभागी टेकते. समोरासमोरचे ड्रम म्हणून एकाच मापाचे असावेत. सामान्यतः मूळ व्यासाहून 0.060 इंचापलीकडे ते कातू नयेत.

हे सारे करताना एक विनंती कळकळीने करावीशी वाटते. जुन्या लायनिंगांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतो, आणि त्याची धूळ श्वासातून फुप्फुसांत जाऊन वर्षानुवर्षांनी प्राणघातक व्याधी उत्पन्न करते. ड्रम उघडल्यावर ती धूळ हवेच्या दाबाने उडवू नका, कोरड्या ब्रशाने झाडू नका. ओल्या फडक्याने टिपून घ्या, आणि मुलाबाळांना त्या जागेपासून दूर ठेवा.