ऐकू येतंय का? (भाग ९) : कळसच्या ताईंचं पत्र

कळसहून (ता. इंदापूर) एका ताईंचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. मुलगा जन्मापासून कर्णबधिर, यंत्र लावतो, बोलतो. आता शिकायला पुण्यात आहे. तिथं त्याला कर्णबधिर मित्र मिळाले आणि सुट्टीत घरी आला तरी खुणांनी बोलत त्याचे हात चालतात. ‘एवढं खपून बोलायला शिकवलं, ते वाया जाणार का? पोरगं आमचं राहिलं की त्यांचं झालं?’

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. खुणांनी वाचा जात नाही. भीती मात्र जुनी. १८८० साली मिलानच्या शिक्षक-परिषदेनं ठरवलं की शाळेत फक्त बोलायचं, हातांना बंदी. १६४ प्रतिनिधींत कर्णबधिर एकच! जगभरच्या शाळांनी तोच कित्ता गिरवला, आपल्याकडच्याही. २०१० साली व्हँकुव्हरला भरलेल्या याच परिषदेनं त्याबद्दल खेद व्यक्त केला. तोवर मुलांनी आपली वाट काढली होती: वर्गात ओठ, वसतिगृहात हात. थोरल्यांकडून धाकट्यांकडे भाषा तशीच उतरत गेली.

दुसरा प्रश्न अवघड. ताई, ओठांवरून बोलणं ओळखणं किती कठीण हे कळायला आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पापा, बाबा, मामा’ म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. क, ख, ग तर आत घशाशीच होतात, बाहेर दिसायचे कुठून? त्यात समोरच्याच्या झुपकेदार मिशा आणि गालात तंबाखू. लग्नात चौघं एकदम बोलायला लागले की पोरगं सगळ्यांच्या मागून हसतं, आणि आपण म्हणतो, ‘छान बोलतो की, कळतं त्याला सगळं!’ हे कौतुकच त्याला महागात पडतं. तिकडं मित्रांतही सोवळं असतं बरं का. खुणांत कच्चा असला की ‘हा बोलणारा’ म्हणून सुरुवातीला जरा लांबच ठेवतात.

म्हणून मला डेफलिंपिक्सचा, म्हणजे कर्णबधिरांच्या ऑलिंपिकचा, नियम आवडतो. चांगल्या कानाचंही श्रवण किमान ५५ डेसिबलनं कमी हवं आणि मैदानात यंत्र काढून ठेवायचं, मग ते कानामागचं असो वा कॉक्लिअर इम्प्लांटचं. तुम्ही बोलता की खुणा करता, हे कुणी विचारत नाही. २०२२ साली ब्राझीलमध्ये महाराष्ट्राच्या प्रियेशा देशमुखनं धनुष श्रीकांतसोबत दहा मीटर एअर रायफलच्या मिश्र गटात सुवर्ण मिळवलं ते याच नियमाखाली.

ताई, पोरगं तुमचंच आहे. पण समजून घ्यायची मेहनत आजवर त्यानं एकट्यानं केली, आता थोडी घरच्यांनी करावी. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश २०२१ पासून आहे, त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फुकट दिसतात. जेवण, उशीर, दुखतंय, कोण आलंय, एवढ्यापासून सुरुवात करा. त्याच्या वडिलांनाही शेजारी बसवा.