पिवळ्या टेपखालचा डिंक

मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर मदरबोर्डवर हॉट एअर गन रोखण्याआधी शेजारच्या नाजूक भागांवर एक पिवळसर, पारदर्शक पट्टी लावतो. ही कॅप्टॉन टेप. कॅप्टॉन हे ड्यूपॉन्ट कंपनीने १९६०च्या दशकात आणलेल्या पॉलिइमाइड फिल्मचे नाव. ही फिल्म थोडा वेळ ४०० अंश सेल्सिअसही सोसते, म्हणून सारे कौतुक तिच्याच वाट्याला जाते. माझ्या मते खरी करामत तिच्याखालच्या, केसापेक्षाही पातळ डिंकाची आहे.

बोटाने दाबताच चिकटायचे, तर डिंक मऊ हवा. थ्रीएम कंपनीतल्या कार्ल डालक्विस्ट यांनी त्याचा ठोकताळाच दिला: डिंकाचा ताठरपणा सुमारे तीन लाख पास्कलच्या वर गेला की नुसत्या दाबाने तो चिकटत नाही. पण जो मऊपणा चिकटवतो, तोच तापल्यावर दगा देतो. डिंक पातळ होतो, पट्टी घसरते, मागे राड उरते. रबर आणि राळ यांच्या साध्या डिंकाचे असेच होते.

उपाय म्हणजे डिंकातल्या लांबलचक रेणूंना एकमेकांशी बांधणे. अ‍ॅक्रिलिक डिंकात त्यासाठी आयसोसायनेट किंवा अ‍ॅल्युमिनियमची संयुगे घालतात. प्रमाण मात्र लाडवाच्या पाकासारखे सांभाळावे लागते. गाठी कमी पडल्या तर डिंक उन्हात ओघळतो, जास्त झाल्या तर चिकटतच नाही.

सोल्डरच्या भट्टीत तेवढ्यानेही भागत नाही. शिसे नसलेले सोल्डर २२० अंशांच्या आसपास वितळते आणि भट्टी २५०पर्यंत जाते. तिथे सिलिकोनचा डिंक लागतो. त्याचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन-ऑक्सिजनचा असतो आणि तो बंध उष्णतेने सहजी तुटत नाही. सिलिकोन रबर आणि सिलिकोन राळ एकत्र करून, बेंझॉइल पेरॉक्साइड घालून ते तापवले की रेणू एकमेकांत गुंततात. असा डिंक थोड्या वेळासाठी २६० अंशांपर्यंत टिकतो आणि सोलल्यावर जागा स्वच्छ सोडतो. अर्थात तो महाग पडतो, आणि त्याचा अंश मागे राहिलाच तर त्यावर रंग धरत नाही.

डिंकाची परीक्षा मात्र अगदी साधी असते. पोलादी पत्र्यावर पट्टीचा एक इंच लांब-रुंद भाग चिकटवायचा, खालच्या मोकळ्या टोकाला वजन टांगायचे, ओव्हनचे तापमान हळूहळू वाढवायचे आणि वजन किती अंशांना पडले ते लिहून ठेवायचे. पण पट्टी सोलल्यावर मागे काय उरते, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

पिवळा रंग पाहून टेप घेऊ नका. आधी एक तुकडा भंगारातल्या बोर्डावर तापवून सोला. डिंक मागे राहिला तर रीळ दुकानदाराला परत करा.