बंद घरातील वायू आणि वैद्याची प्रश्नावली

रुग्णपरीक्षेत देशाचा विचार आपण सर्वजण करतो. भूमी आणि आतुर असा देशाचा दुहेरी अर्थ चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितला आहे. तथापि रुग्ण जर्मनी, नेदरलँड्स वा इंग्लंड येथे स्थायिक झालेला असेल, तर ‘शीत प्रदेश’ एवढ्या नोंदीवर आपण पुष्कळदा थांबतो. वस्तुतः तेथील मनुष्य हिवाळ्यात दिवसाचा बहुतेक काळ घरातच घालवितो, आणि त्याचे घर नव्या बांधणीचे असेल तर ते जवळजवळ हवाबंद असते. अशा पुष्कळ घरांत श्वासाची हवा खिडकीतून नव्हे, तर यंत्रातून येते. मुले-सुना परदेशी असलेल्या अनेक कुटुंबांचे चिकित्सक या नात्याने या यंत्राची ओळख आपणांस असणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

हवाबंद घरे का आली?

१९७३ च्या तेलसंकटानंतर थंड देशांत घर तापविण्याचा खर्च असह्य झाला. भिंतींना उष्णतारोधक थर आले, दारे-खिडक्यांच्या फटी बुजविल्या गेल्या. उष्णता घरात राहिली. पण तिच्याबरोबर बाष्प, उच्छ्वास आणि दुर्गंधही राहिला. चार माणसांचे कुटुंब श्वास, स्वेद, स्नान, स्वयंपाक आणि कपडे वाळविणे यांतून दिवसाकाठी सुमारे दहा लिटर पाणी बाष्परूपाने घरात सोडते. ते थंड भिंतीवर साचले की बुरशी धरते.

घरातील हवा किती दूषित झाली हे कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावरून मोजावे, हा विचार म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली मांडला. सहस्रास एक भाग ही त्यांनी सुचविलेली मर्यादा आजही मार्गदर्शक मानली जाते. हा विषय केवळ सुखसोयीचा नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये एक दोन वर्षांचे बालक दगावले. घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेला श्वसनविकार हे त्याच्या मृत्यूचे कारण असल्याचा निष्कर्ष २०२२ च्या न्यायिक चौकशीत निघाला, आणि तेथील भाड्याच्या सार्वजनिक घरांविषयीचा कायदा २०२३ साली बदलला गेला.

यंत्रणेची रचना

खिडकी उघडावी तर उष्णता जाते, न उघडावी तर हवा कोंदते. यावर उपाय म्हणून उष्णता परत मिळविणारी वायुवीजन यंत्रणा आली. कॅनडातील रेजायना येथील १९७७ च्या प्रायोगिक घरात तिचा आरंभीचा वापर झाला. पुढे जर्मनीत डार्मश्टाट-क्रानिखश्टाइन येथे बो आडामसन आणि वोल्फगांग फाइस्ट यांच्या संकल्पनेतून उभ्या राहिलेल्या घरांत १९९१ पासून कुटुंबे राहू लागली. तेथून ‘पॅसिव्ह हाउस’ ही पद्धत रूढ झाली.

यंत्रणेत दोन पंखे असतात. एक स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचालय येथील दमट हवा ओढून बाहेर टाकतो. दुसरा बाहेरची हवा गाळून शयनगृहात व बैठकीत सोडतो. मध्ये पातळ पत्र्यांचा संच असतो. पत्र्याच्या एका बाजूने जाणारी उबदार हवा आणि दुसऱ्या बाजूने येणारी थंड हवा परस्परांत मिसळत नाहीत. केवळ उष्णता पलीकडे जाते. बाहेर ०, घरात २० अंश आणि यंत्राची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर आत येणारी हवा १६ अंशांची असते. माणशी ताशी ३० घनमीटर धरल्यास चौघांना १२० घनमीटर हवा लागते. ती तापविण्यास सुमारे ८०० वॉट उष्णता लागली असती. त्यातील ६५० वॉटच्या आसपास परत मिळते आणि चांगल्या यंत्राचे पंखे पन्नास-पंचावन्न वॉटमध्ये चालतात.

चिकित्सकाने लक्ष द्यावे अशा गोष्टी

पहिली रूक्षता. ० अंशाच्या हवेत फार तर पाच ग्रॅम बाष्प प्रति घनमीटर मावते. तीच हवा २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली येते. नासाशोष, शुष्क कास, त्वचेचे स्फुटन या तक्रारी हिवाळ्यातच वाढत असतील, तर वातप्रकोपाचे हे बाह्य कारण तपासावे. अभ्यंग आणि तैलाचे प्रतिमर्श नस्य योग्य आहेच. परंतु पंखे गरजेहून अधिक वेगाने चालत असतील तर प्रथम निदानपरिवर्जन हवे. वेग कमी करता येतो, तसेच बाष्पही परत देणारे संच मिळतात.

दुसरी गोष्ट गाळणीची. ती धुळीने भरली की हवेचा पुरवठा घटतो. सहा ते बारा महिन्यांत ती बदलावी लागते. परागकण रोखणारी सूक्ष्म गाळणी असेल तर वसंतातील प्रतिश्यायाच्या रुग्णास तिचा उपयोग होतो.

तिसरी धूपनाची. औषधालयांतून परदेशी जाणाऱ्या मालात धूपनद्रव्ये असतात. यंत्रातील गाळणी बाहेरून येणारी हवा गाळते. घरात केलेला धूर ती पकडत नाही, तो सावकाशच बाहेर जातो. हवाबंद घरातील तमकश्वासाच्या रुग्णास धूपन सांगताना म्हणूनच विशेष सावध असावे. औषधविक्रेत्यांनीही तशी सूचना वेष्टनावर द्यावी. फोडणीचा तेलकट धूर या यंत्रात ओढला जाऊ नये. चुलीवर गाळणी असलेला स्वतंत्र पंखा हवा.

यंत्र बसविले म्हणजे झाले, असे नाही

नेदरलँड्समधील आमर्सफोर्ट शहराच्या व्हाथोर्स्ट या नव्या वसाहतीत अशी यंत्रणा असलेल्या घरांतील रहिवाशांनी आरोग्याच्या तक्रारी केल्या, आणि २००८ च्या सुमारास तेथे पाहणी झाली. अपुरा हवापुरवठा, पंख्यांचा आवाज आणि देखभालीतील उणिवा पुढे आल्या. आवाज नको म्हणून यंत्र मंद ठेवले की हवा पुन्हा कोंदतेच. दोष तत्त्वाचा नसून मांडणीचा व वापराचा होता. उत्तम औषधही मात्रा व अनुपान चुकल्यास निष्फळ ठरते, हे आपणांस नव्याने सांगावयास नको.

सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात आतुरालयाचे वर्णन आहे. घर झोताच्या वाऱ्यापासून सुरक्षित असावे, तरी त्याचा एक भाग हवेशीर असावा आणि धूर, धूळ यांचा तेथे शिरकाव नसावा, असा त्याचा आशय आहे. निवात आणि प्रवात यांचा एकाच वास्तूत मेळ घालण्याची ही अपेक्षा होय. यंत्राचा शोध आपल्याकडे पूर्वीच लागला होता, असा दावा यातून कोणी करू नये. प्रश्न मात्र तोच आहे, एवढे निश्चित.

प्रश्नावलीत भर

दूरस्थ रुग्णास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत: घर कोणत्या काळातील आहे? वायुवीजन यंत्र आहे काय, आणि ते रात्रीही चालू असते काय? गाळणी केव्हा बदलली? काचेवर पाणी वा कोपऱ्यात बुरशी दिसते काय? कपडे कोठे वाळतात? बाहेरगावी गेल्यावर तक्रार कमी होते काय? या अखेरच्या प्रश्नाचे उत्तर उपशयासारखे निर्णायक ठरू शकते.

हे प्रश्न इकडेही लागू आहेत. कोकण-मुंबईच्या हवेत उष्णता परत मिळविण्याची निकड नाही. परंतु घराघरांत बसलेला स्प्लिट एसी बहुधा खोलीतीलच हवा फिरवितो, ताजी हवा आणीत नाही. रात्रभर दारे-खिडक्या लावून निजणारा आणि सकाळी शिरोगौरव सांगणारा रुग्ण आपणांस अपरिचित नाही. त्याच्या नोंदपत्रात आहार-विहाराबरोबर ‘शयनगृहातील वायू’ असा एक रकाना प्रत्येक वैद्याने घालावा, अशी आमची विनंती आहे.