दुकानाची पायरी आणि मालकीचा प्रश्न

छोटे दुकानदार आणि मोठ्या भांडवलाची साखळी-दुकाने यांच्या झगड्यात दलित चळवळीने कोणाच्या बाजूने उभे राहावे? हा प्रश्न आता टाळता येणार नाही. किरकोळ व्यापारात परकीय भांडवल येऊ नये म्हणून २० सप्टेंबर २०१२ रोजी देशभर बंद झाला. वॉलमार्टने फ्लिपकार्ट ताब्यात घेतल्यावर २८ सप्टेंबर २०१८ रोजी व्यापाऱ्यांनी पुन्हा दुकाने बंद ठेवली. अशा प्रत्येक वेळी व्यापारी संघटना सामान्य माणसाच्या नावाने पाठिंबा मागतात आणि आपल्या कार्यकर्त्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, छोटा तो आपला. दुसरा म्हणतो, ज्याने आम्हांला पिढ्यान्‌पिढ्या पायरीखाली उभे केले त्याचा धंदा बुडाला तर आमचे काय गेले? दोन्ही उत्तरे भावनेतून आलेली आहेत. प्रश्न भावनेचा नाही, मालकीचा आहे.

गावातले दुकान ही केवळ माल विकण्याची जागा कधीच नव्हती. ते जातिव्यवस्थेचे ठाणे होते. माझ्या आजीच्या पिढीला दुकानाच्या पायरीखाली उभे राहावे लागे. पैसे खाली ठेवायचे आणि वरून टाकलेला माल पदरात झेलायचा. भाव विचारायचा नाही, वजन तपासायचे नाही. आणि ज्या दिवशी महारवाडा ताठ उभा राही त्या दिवशी पहिले बंद होई ते हेच दुकान. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा अस्पृश्यांना बाजारात जीवनावश्यक माल नाकारण्याचे प्रकार घडले. बहिष्कार हे दंडुक्यापेक्षा मोठे हत्यार आहे हे बाबासाहेबांनी नेमके ओळखले होते. म्हणूनच गोलमेज परिषदेत त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. महाराष्ट्रात असा स्वतंत्र कायदा २०१६ साली झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे ती मागणी किती पुढची होती ते कळते.

व्यापाराची दुसरी बाजूही बाबासाहेबांनीच मांडली. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी सांगितले की अस्पृश्याला व्यापार करता येत नाही, कारण त्याच्याशी कोणी व्यवहारच करीत नाही. हा त्यांचा स्वतःचाही अनुभव होता. मुंबईत त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक आटले. गिऱ्हाईक म्हणून पायरीखाली आणि विक्रेता म्हणून बाजाराबाहेर, अशी ही दुहेरी कोंडी होती. संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानांचा स्पष्ट उल्लेख आहे तो उगाच नव्हे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खुलासा केला की ‘दुकान’ हा शब्द केवळ आत शिरण्यापुरता नाही. ठरलेल्या अटींवर सेवा देणे असा त्याचा व्यापक अर्थ आहे.

हा इतिहास पाठीशी असलेला माणूस सुपरमार्केटमध्ये शिरतो तेव्हा त्याला मोकळे वाटले तर नवल नाही. फळीवरचा माल स्वतःच्या हाताने उचलायचा, किंमत छापलेली, वजन केलेले. मोबाईलवर मागवलेला माल तर आडनाव ऐकून कोणी अडवीत नाही. ही सोय खरी आहे आणि तिची टवाळी करणाऱ्याला पायरीखाली उभे राहण्याचा अर्थ कळलेला नाही. परंतु गिऱ्हाइकाला जात न विचारणे ही एक गोष्ट आणि मालकीत जात न उरणे ही दुसरी. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळाली असे समजणे हा मोठा भ्रम आहे.

नाशिकचा गंगापूर रोड घ्या. अशोक स्तंभाकडून निघून के. टी. एच. एम. महाविद्यालयावरून, आनंदवली व सोमेश्वर मागे टाकीत हा रस्ता गंगापूर गावाकडे जातो. एकेकाळच्या शेतीच्या जागी आता उंच इमारती आहेत. त्यांत राहणारा वर्ग पगारदार, वाहनवाला, महिन्याचा किराणा एकदम भरणारा. त्याच इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या बाया, रखवालदार आणि बांधकामावरचे मजूर रोजच्या पैशावर जगतात. एकाच रस्त्यावर हे दोन ग्राहक आहेत. मोठे दुकान पहिल्यासाठी उभे राहते, पण त्याच्या आघाताने मोडते ते दुसऱ्याचे दुकान.

हे कसे घडते ते समजून घेतले पाहिजे. कंपनीचा साबण किंवा बिस्किटे छोट्या दुकानात येईपर्यंत मोठा साठेदार आणि वितरक असे टप्पे पडतात. प्रत्येक टप्प्याला आपला वाटा हवा असतो. शेवटी किरकोळ दुकानदाराला अशा मालावर सर्वसाधारणपणे आठ-दहा टक्के सुटतात. त्यातून गाळ्याचे भाडे, वीज, खराब झालेला माल आणि बुडालेली उधारी भागवायची. साखळी-दुकान मधले टप्पे गाळून थेट कंपनीकडून प्रचंड माल उचलते आणि वेगळा भाव मिळवते. २००२ साली पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या डी-मार्टने बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या ठेवल्या आणि पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून सवलत घेतली. म्हणजे स्वस्ताई ही भांडवलातून येते, कोणाच्या उदारपणातून नव्हे.

मोबाईलवरच्या दुकानांची रीत आणखी निराळी. वस्तीजवळ एक गोदाम घ्यायचे, तिथे गिऱ्हाईक येत नाही, फक्त दुचाकीवरची मुले माल उचलतात. सुरुवातीची सूट नफ्यातून नव्हे तर गुंतवणूकदाराच्या पैशातून दिली जाते. तोटा वर्षानुवर्षे सोसण्याची ताकद ज्याच्यापाशी आहे तोच या खेळात टिकतो. आणि ती दुचाकीवरची मुले कोण आहेत? त्यांत आपल्या वस्त्यांतली शिकलेली मुलेही आहेत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगाराची व्याख्या प्रथमच केली. पण मालक आणि नोकर हे नाते मात्र मान्य केलेले नाही. येथे राखीव जागा नाहीत, कायमपण नाही.

आता पहिला बळी कोण, ते पाहा. ज्याचा गाळा वडिलोपार्जित आहे, ज्याचे नातलग ठोक बाजारात आहेत, ज्याला जातीच्या पतीवर महिनाभर माल उधार मिळतो, तो दुकानदार काही काळ तग धरतो; नाही जमले तर गाळा भाड्याने देऊन मोकळा होतो. पण वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून किंवा बचतगटाच्या कर्जातून ज्याने पहिल्यांदाच दुकान टाकले, त्याच्यापाशी यांतले काहीच नाही. तो ठोक बाजारातून रोखीने माल आणतो आणि वस्तीत उधारीने विकतो. दोन्ही बाजूंनी पैसा त्याचाच अडकतो. त्याच्याकडची रोखीची गिऱ्हाइके सुपरमार्केटने नेली की हाती उरते ती उधारीची वही. २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत खाजगी मालकीच्या आस्थापनांपैकी सुमारे ११ टक्केच अनुसूचित जातींच्या होत्या. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या १६.६ टक्के होती. बाजारात नुकताच पाय ठेवणारा समाज हा असा आहे, आणि पाय ठेवताच जमीन सरकते आहे.

उधारीचा प्रश्न रोजंदारीच्या माणसाचाही आहे. पावसात काम थांबले, घरात आजारपण आले, तर पीठ-मीठ देणारे दुकान वस्तीतलेच असते. कोणतीही साखळी पावशेर तेल शनिवारच्या मजुरीवर देत नाही. अर्थात ही उधारीही निर्मळ नाही. तिच्यात चढा भाव असतो आणि मिंधेपणाही. म्हणून जुन्या दुकानाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. वस्तीला दुकान हवे, सावकार नको.

मग करायचे काय? पहिली गोष्ट कायद्याची. आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यातील चौथे कलम तोट्यात माल विकून प्रतिस्पर्ध्याला मारण्यास मनाई करते, परंतु ती फक्त बाजारावर वर्चस्व असलेल्या कंपनीला लागू होते. दोन-तीन बलाढ्य कंपन्या एकाच वेळी तोटा सोसत असतील तर वर्चस्व कोणाचे, या वादात छोटा दुकानदार संपून जातो. अमेरिकेने १९३६ साली रॉबिन्सन-पॅटमन कायदा करून एकच माल छोट्या-मोठ्या दुकानदारांना भेदभावाच्या भावाने विकण्यावर बंधन घातले होते. पुढे तेथे त्याची अंमलबजावणी ढिली पडली. अशा बंधनाची मागणी आपणही करू शकतो.

दुसरी गोष्ट एकत्र खरेदीची. १८९८ साली बर्लिनच्या छोट्या किराणा दुकानदारांनी एकत्र माल घेण्यासाठी सहकारी संस्था काढली. तिच्यातून वाढलेली एडेका आज जर्मनीतील सर्वांत मोठ्या किराणा संस्थांपैकी आहे, आणि मालकी अजून दुकानदारांकडे आहे. आपल्याकडे १९४८ साली मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत अपना बाजार उभा राहिला. सहकार आपल्याला परका नाही, पण महाराष्ट्रातला बराचसा सहकार जमीनमालक जातींच्या हाती राहिला. एका शहरातल्या वीस-पंचवीस वस्ती-दुकानांनी साखर, तेल, डाळ, साबण एकत्र उचलले तरी वितरकाशी बोलण्याची भाषा बदलते.

तिसरी गोष्ट पतपुरवठ्याची. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. २०१६ साली सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत प्रत्येक बँक-शाखेने अनुसूचित जाती वा जमातीच्या किमान एका उद्योजकाला १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज द्यावे अशी अपेक्षा होती. पण वस्तीतल्या दुकानाला हवे असतात दोन लाख, तेही खेळते भांडवल म्हणून. आपल्या मागण्या या खऱ्या गरजेच्या मापाने लिहिल्या पाहिजेत. हातगाडीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यातील नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत आणि त्यांत अनुसूचित जातींना स्थान असावे अशी तरतूद आहे. आपल्या शहरात ती समिती आहे काय, तिच्यात कोण बसते, हे प्रत्येक कार्यकर्त्याने जाऊन विचारावे.

आणि व्यापारी संघटना पुढच्या बंदला पाठिंबा मागायला येतील तेव्हा आपण अवश्य चर्चेला बसावे, पण अटी घेऊन. ठोक बाजारातली उधारी आमच्या दुकानदारालाही मिळेल काय? संघटनेच्या कार्यकारिणीत तो असेल काय? गावात बहिष्कार पडला तर तुमचे सभासद दुकान उघडे ठेवतील काय? उत्तर होय असेल तर ही लढाई एकत्र लढता येईल. उत्तर नाही असेल, तर त्यांची पायरी त्यांनी राखावी. आपल्याला आपल्या दुकानाचा पाया घालायचा आहे.