सेकंदाला साडेसात किलोमीटर, तरी मुंगीची चाल : अंतराळ-गेममधल्या वेगाबद्दलचे गैरसमज

दादर स्टेशनात आपली लोकल उभी असते. शेजारच्या रुळावरची गाडी सुटते आणि क्षणभर वाटतं, आपलीच निघाली. हात आपसूक दांडीकडे जातो. मग पलीकडचा खांब दिसतो, तो जागच्या जागी असतो, आणि भ्रम मोडतो. तेवढ्या वेळात आपण तसूभरही हललेलो नसतो. खुर्चीत बसलेल्या खेळाडूला अंतराळात झेपावल्यासारखं वाटायला लावणारे गेम याच भ्रमावर उभे आहेत. तो कशाने निर्माण होतो, याबद्दल खेळणाऱ्यांत आणि नव्याने गेम बनवणाऱ्यांतही काही समज पक्के बसलेत. ते एकेक तपासून पाहू.

गैरसमज १ : स्क्रीनवरचा आकडा वाढवला की वेग जाणवतो.

वस्तुस्थिती : आपण पुढे जातो तेव्हा समोरचं दृश्य एका बिंदूतून फुलत येतं आणि दोन्ही बाजूंनी मागे वाहून जातं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९५० मधल्या पुस्तकात हा प्रवाह उलगडून दाखवला. त्याचा जोर ठरतो तो वेगाला अंतराने भागून. रुळालगतचा खांब झर्रकन जातो, लांबचा डोंगर रेंगाळतो.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने फिरतं, पण जमीन त्याच्या सुमारे ४०० किलोमीटर खाली असते. हिशेब केला तर दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तेवढाच प्रवाह दिसण्यासाठी सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटर सरकावं लागेल. मुंगीची चाल साधारण एवढीच. बोइंग ७४७ हे जंबो जेट १९७० मध्ये सेवेत आलं, तेव्हा वैमानिक ते जमिनीवर हवं त्यापेक्षा जोरात हाकत, कारण उंच कॉकपिटमधून जमीन सावकाश सरकताना दिसे. गेममध्येही तेच होतं. आकडा दहापट केला आणि जवळपास काहीच ठेवलं नाही, तर यान उभंच वाटणार.

गैरसमज २ : यान वेगात असलं की तारे भराभर मागे पळतात.

वस्तुस्थिती : पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला, म्हणजे ३० कोटी किलोमीटर लांब जाते. तरी सर्वांत जवळचा ताराही आकाशात अंशाचा दोन हजारावा भागसुद्धा सरकत नाही. २०२० मध्ये न्यू होरायझन्स यानाने जवळपास ७०० कोटी किलोमीटरवरून प्रॉक्सिमा आणि वुल्फ ३५९ या ताऱ्यांची छायाचित्रं घेतली. पृथ्वीवरून घेतलेल्या छायाचित्रांशेजारी ती ठेवली तेव्हा कुठे त्यांची जागा बदललेली नजरेला दिसली.

मग स्क्रीनवर सुसाट मागे जातं ते काय? ती धूळ असते, मुद्दाम घातलेली. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी १९८४ मध्ये ‘एलिट’ हा गेम केला. ३२ किलोबाइट स्मृतीच्या बीबीसी मायक्रो संगणकावर फार काही मावण्यासारखं नव्हतं. त्यांनी काळ्या पडद्यावर वीसेक ठिपके सोडले. समोर पाहताना ते मधून फुटून कडांकडे धावतात आणि जवळ येता येता जाड होतात. बाजूच्या खिडकीचं दृश्य निवडलं की तेच ठिपके आडवे वाहू लागतात. यान कललं की तेही कलतात. एवढ्यावर डोळा पटतो की आपण चाललो आहोत. खऱ्या अंतराळात अशी दिसणारी धूळ नसते, पण ती काढून टाका, यान जागीच थिजल्यासारखं वाटेल.

गैरसमज ३ : वेग शरीराला जाणवतो, स्क्रीनसमोर तो कधीच जाणवणार नाही.

वस्तुस्थिती : शरीराला जाणवतो तो वेगातला बदल. कानाच्या आतल्या भागाला सुरू होणं, थांबणं, वळणं कळतं. सरळ रेषेतली एकसारखी गती कळत नाही. पृथ्वी आपल्याला सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती नेते आहे आणि पेल्यातला चहा डुचमळत नाही. म्हणून कसबी गेमकार सगळी ताकद बदलाच्या क्षणात ओततात. जोर वाढला की कॅमेरा किंचित मागे सरकतो, दृश्यकोन रुंदावतो, कडांवरच्या गोष्टी ताणल्या जातात, इंजिनाचा सूर चढतो. हे सगळं कायम चालू ठेवलं तर दोन मिनिटांत डोळा सरावतो आणि परिणाम विरून जातो.

गैरसमज ४ : वेग जितका खरा, तितका गेम थरारक.

वस्तुस्थिती : १९९३ मधल्या ‘फ्रंटियर : एलिट २’ने न्यूटनचे नियम काटेकोर पाळले. परिणामी लढाईत दोन यानं एकमेकांना डोळ्याचं पातं लवेतो ओलांडून जात आणि उरलेला वेळ वळून परत येण्यात जाई. २०१४ च्या ‘एलिट डेंजरस’मध्ये म्हणून दोन वेगळ्या चाली आहेत. लढताना सेकंदाला काहीशे मीटर, आणि ग्रहांमधल्या नेहमीच्या प्रवासात प्रकाशाच्या २००१ पटींपर्यंत. याच गेममधलं हटन ऑर्बिटल हे स्थानक प्रवास सुरू होतो तिथून ०.२२ प्रकाशवर्षं दूर आहे. नेहमीच्या चालीने तिथे पोचायला तासाहून जास्त वेळ लागतो. सरासरी वेग प्रकाशाच्या हजारपटीहून अधिक, आणि पडद्यावर जवळजवळ काहीच हलत नाही! खेळाडूंमध्ये हा प्रवास कंटाळ्यासाठीच प्रसिद्ध आहे.

गैरसमज ५ : प्रकाशाच्या वेगाजवळ गेलं की ताऱ्यांच्या रेघा होतात.

वस्तुस्थिती : ही १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने रुजवलेली प्रतिमा. प्रत्यक्षात प्रवासाच्या दिशेला तारे गोळा होताना दिसतील आणि रंग बदलतील. समोरचा प्रकाश निळ्याकडे झुकेल, मागचा लालकडे. एमआयटीच्या गेम लॅबने २०१२ मध्ये ‘अ स्लोअर स्पीड ऑफ लाइट’ हा गेम केला. त्यात एकेक गोळा उचलला की प्रकाशाचा वेग कमी होत जातो आणि साध्या चालण्यातही हे रंग दिसू लागतात.

आता ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या गेममधला एक प्रसंग. कर्बिन ग्रहाच्या १०० किलोमीटर वर आपलं यान सेकंदाला २२४६ मीटर वेगाने फिरतंय. दुसरं यान समोर लटकलंय, जणू खुंटीला टांगलेलं. वेगाच्या आकड्यावर क्लिक करून तो कक्षेऐवजी लक्ष्याच्या हिशेबाने दाखवायला सांगा. २२४६ जाऊन ०.३ येतं. सेकंदाला तीस सेंटिमीटर. समोरच्या यानाचं दार हळूहळू मोठं होतंय, त्यावरचा झरोका, कडेची फट दिसू लागलीये, आणि श्वास अडकतो. सगळ्या खेळातला सर्वांत संथ क्षण असा छातीत धडधडतो, कारण आता जवळ काहीतरी आहे आणि त्याच्याशी आपलं अंतर बदलतंय.

गेम बनवत असाल तर एक करून बघा. वेगाचा आकडा कागदाने झाका आणि मित्राला विचारा, यान जोरात चाललंय की हळू? त्याला सांगता आलं नाही, तर इंजिन आहे तसंच राहू द्या. एखादा दगड, एखादं स्थानक, मूठभर धूळ यानाजवळ आणून ठेवा.